वर्षावनाच्या शेंड्यावर पाऊण तास पुरत नाही: सहल आयोजकांना खुले पत्र

सर्व सहल आयोजक आणि टूर लीडर मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या कार्यक्रमपत्रिकेतल्या एका ओळीबद्दल आहे. बोर्निओच्या सहलीची जी पत्रकं मी चाळली, त्यांतल्या बहुतेकांत ती ओळ सापडली. सकाळी किनाबालू पार्क, दुपारी पोरिंगचे गरम पाण्याचे झरे, आणि शेवटी 'कॅनोपी वॉकचा थरार', म्हणजे झाडांच्या शेंड्यांमधून टांगलेल्या पुलांवरून चालणं. तीन ठिकाणं, एक दिवस, संध्याकाळी परत हॉटेलवर.

त्या पुलांवर मी दोनदा चालले आहे. पहिल्यांदा तुमच्यापैकीच एका कंपनीच्या ग्रुपमधून, मावशीला सोबत घेऊन. दुसऱ्यांदा दीड वर्षाने, एकटी, स्वतः सगळं ठरवून. जागा तीच, पूल तेच, झाडंही तीच. पण दोन्ही खेपांत मी जे पाहिलं त्यात इतका फरक होता, की परत आल्यापासून तुम्हाला हे लिहायचं मनात घोळत होतं. कंपनीचं नाव मी लिहिणार नाही. ती माणसं वाईट नव्हती, मनापासून धावपळ करत होती. चूक वेळापत्रकात होती आणि ते वेळापत्रक तुमच्यापैकी अनेकांचं आहे.

पहिली खेप सांगते. कोटा किनाबालूहून, म्हणजे मलेशियातल्या साबा राज्याच्या राजधानीतून, सकाळी बस निघाली. दोनेक तासांनी पार्कचं मुख्यालय आलं. तिथे डोंगर ढगात होता तरी त्याच्या दिशेने उभं राहून सगळ्यांचे फोटो झाले. वनस्पती उद्यानात एक चक्कर, मग जेवण, मग पुन्हा बस आणि पोरिंग. गरम पाण्यात पाय सोडून बसेपर्यंत दीड वाजला होता. तेवढ्यात हाक आली, "चला चला, कॅनोपी वॉक राहिलाय, पाऊण तासात सगळे खाली पाहिजेत." वर जाणारे आम्ही एकतीस जण होतो. झऱ्यांपासून पुलापर्यंत पंधरा-वीस मिनिटांची दमट, निसरडी चढण आहे. म्हणजे पाऊण तासातला निम्म्याहून जास्त वेळ चढण्या-उतरण्यातच जाणार हे निघतानाच ठरलेलं होतं.

मावशी सदुसष्ट वर्षांची आहे. चालायला खणखणीत. पण पहिल्या पुलावर पाऊल ठेवलं आणि तिच्या लक्षात आलं की पायाखालची फळी जेमतेम पाऊलभर रुंद आहे आणि खाली चाळीस मीटरची खोली आहे. ती थबकली. मागे रांग होती. कुणीतरी म्हणालं, "काकू, चला ना, वेळ होतोय." पुढच्या मुलांनी मजेत पूल हलवायला सुरुवात केली. कुणाला त्रास द्यायचा त्यांचा हेतू नव्हता. पत्रकात थरार लिहिला होता, तो ती मुलं शोधत होती. मावशी मला एवढंच म्हणाली, "अगं, पायच उचलत नाहीये." मग तिने डोळे मिटले, दोन्ही बाजूंच्या दोरांच्या जाळीत बोटं रुतवली आणि इंच इंच सरकत पलीकडे गेली. प्लॅटफॉर्मवर पोचल्यावर मी तिचे हात हातात घेतले, तर तळहातांवर जाळीचे चौकोन उमटले होते. लाल, खोल, मोजता येतील असे.

तिने वर काय पाहिलं? समोरच्या माणसाची पाठ. मीसुद्धा मावशीकडेच बघत होते. बसमध्ये परत आल्यावर, खालीच थांबलेल्या एका आजोबांनी विचारलं, "वरून काय दिसतं हो?" कुणीतरी उत्तर दिलं, "झाडं." आजोबांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर पाहिलं. तिथेही झाडंच होती. त्या क्षणी मला फार वाईट वाटलं. एवढा खर्च करून, समुद्र ओलांडून, जगातल्या अतिशय समृद्ध जंगलांपैकी एकाच्या शेंड्यापर्यंत आम्ही एकतीस माणसं जाऊन आलो आणि सांगायला आमच्यापाशी एकच शब्द होता.

आता त्या एका शब्दात काय काय होतं, ते तुम्हाला सांगावंसं वाटतं. माहिती देणं हे तुमचं काम आहे आणि ही माहिती आम्हाला वर चढण्याआधी मिळायला हवी होती.

किनाबालू पार्क 1964 साली राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवलं गेलं. क्षेत्रफळ सुमारे 754 चौरस किलोमीटर. 2000 साली ते जागतिक वारसास्थळ झालं. शेजारच्या सारावाक राज्यातलं गुनुंग मुलू आणि हे, अशी दोन ठिकाणं त्या वर्षी एकदमच यादीत आली आणि मलेशियाची ती पहिली नैसर्गिक वारसास्थळं. 4,095 मीटर उंचीचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी सखल भागातलं वर्षावन, असा हा मोठा पट्टा आहे. पोरिंग हे त्या पायथ्याचं टोक. मुख्यालयाच्या थंडीतून तासभर उतरून आपण तिथे येतो, तेव्हा नुसती हवा बदलत नाही, सगळं जंगलच बदललेलं असतं. गंमत म्हणजे पोरिंग हे नाव तिथल्या एका बांबूचं आहे, झऱ्यांचं नाही.

वर्षावनात जमिनीवर उभं राहिलं की अंधारल्यासारखं वाटतं. वर पडणाऱ्या उन्हातला जेमतेम एक-दोन टक्के भाग जमिनीपर्यंत पोचतो. बाकीचं सगळं ऊन वरच्या वर संपतं, आणि जिथे ऊन तिथे पानं, फुलं, फळं, कीटक आणि त्यांच्यामागून पक्षी. जंगलाचं स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर आहे म्हणा ना. खालून चालणाऱ्याला दिसतात ते फक्त घराचे खांब. म्हणूनच शास्त्रज्ञांनी वर जायची धडपड केली. टेरी अर्विन या कीटकशास्त्रज्ञाने पनामातल्या एकाच जातीच्या एकोणीस झाडांच्या माथ्यांवर कीटकनाशकाचं धुकं सोडून खाली पडलेले किडे गोळा केले. नुसत्या भुंगेऱ्यांच्या सुमारे 1,200 जाती निघाल्या! त्यावरून त्याने 1982 साली जगात कीटकवर्गीय प्राण्यांच्या 3 कोटी जाती असाव्यात असा अंदाज मांडला. पुढच्या अभ्यासांनी तो आकडा बराच खाली आणला, पण आपल्या डोक्यावर काय आहे हे आपण मोजलेलंच नाही, हे त्या एकोणीस झाडांनी दाखवून दिलं.

आणि तुम्ही ज्याला थरार म्हणता, त्या पुलाचा जन्मही असाच अभ्यासातून झाला आहे. 1960 च्या दशकाच्या अखेरीस मलेशियातच इलार मूल आणि लिम बू लियात या प्राणिशास्त्रज्ञांनी झाडांवर राहणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या अभ्यासासाठी उंच झाडांमधून टांगती वाट बांधली आणि 1970 साली ती पद्धत जगापुढे मांडली. अशा वाटा नंतर बऱ्याच ठिकाणी झाल्या. घानाच्या काकुम राष्ट्रीय उद्यानात 1995 साली झालेली सात पुलांची, 350 मीटरची वाट त्यांपैकीच एक. पोरिंगची वाट लांबीने लहान, सुमारे 158 मीटर. पण ती उभी आहे जिवंत झाडांच्या आधाराने, काँक्रीटचे खांब उभारून नव्हे. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. झाडाची जिवंत वाढ सालीच्या आतल्या पातळ थरात होते. पोलादी दोर थेट खोडाला आवळला तर तो थर कापला जातो आणि झाड हळूहळू मरतं. म्हणून अशा पुलांत दोर आणि खोड यांच्या मध्ये लाकडाच्या पट्ट्या घालतात, आणि झाड जाड होत जाईल तसे ते सैल करावे लागतात. तुम्ही पुलावर नेता ती माणसं एका झाडाच्या खांद्यावरून दुसऱ्या झाडाच्या खांद्यावर जात असतात. त्या पुलाला मुद्दाम झोके दिले की नुसत्या उभ्या राहण्यापेक्षा कितीतरी जास्त ओढ दोरांवर आणि खोडांवर येते. मुलांना "हलवू नका" म्हटलं तर ती ऐकणार नाहीत. "हे झाड आपल्याला धरून उभं आहे" असं सांगितलं तर ऐकतील, निदान निम्मी तरी.

दुसऱ्या खेपेला मी पोरिंगमध्येच मुक्काम केला. आवारात राहायची सोय आहे. संध्याकाळी अंधार पडायच्या बेताला सिकाडा नावाच्या एका किड्याने असा काही कर्णा फुंकला की मी दचकून उठले. बोर्निओत त्याला 'सहा वाजताचा सिकाडा' म्हणतात, रोज सांजवेळी तो घड्याळासारखा सुरू होतो. तुमच्या वेळापत्रकात त्या वेळी आम्ही बसमध्ये होतो आणि बसमध्ये हिंदी गाणी चालू होती.

सकाळी फाटक उघडल्या उघडल्या मी आणि एक स्थानिक वाटाड्या, आम्ही दोघंच वर चढलो. तो दुसून होता, किनाबालूच्या पायथ्याच्या लोकांतला. पहिल्या प्लॅटफॉर्मवर पोचल्यावर त्याने मला काहीही दाखवलं नाही. फक्त बोट ओठांवर ठेवलं आणि खाली बसला. मीही बसले. पहिली पाच मिनिटं काहीच घडलं नाही. नंतर एकेक आवाज वेगळा कळायला लागला. तांबटाच्या कुळातल्या कुठल्याशा पक्ष्याची एकसुरी टुक टुक. पानांवरून दव ठिबकण्याचा आवाज, जो मला आधी पाऊस वाटला होता. कुठेतरी दूर फांदी मोडली.

मग त्याने समोरच्या खोडाकडे हनुवटी वळवली. मला खोडच दिसत होतं, करड्या-पांढऱ्या शेवाळाचे डाग पडलेलं. त्यातला एक डाग हलला. वीतभर लांबीचा सरडा होता, शेपटीसकट. त्याने गळ्याखालून पिवळीधमक पताका काढली, मिटली, पुन्हा काढली. तीनदा. जणू कुणी पिवळी चिठ्ठी दाखवून परत खिशात घालत होतं. मग तो थोडा वर सरकला, डोकं खाली वळवलं आणि झाड सोडलं. मी जाळी घट्ट धरली. पडला असंच मला वाटलं. पण क्षणात त्याच्या दोन्ही कुशींतून छत्री उघडल्यासारखं काहीतरी उलगडलं. त्याच्या लांबलेल्या बरगड्याच त्या छत्रीच्या काड्या. तिरका तरंगत तो वीस-पंचवीस पावलांवरच्या खोडापाशी गेला, शेवटच्या क्षणी डोकं वर केलं आणि चिकटला. छत्री मिटली. पुन्हा डागच दिसायला लागला. उडता सरडा म्हणतात तो हाच. वाटाड्या कुजबुजला की मादी फक्त अंडी घालायला जमिनीवर उतरते, नराला तीही गरज नाही. जन्मभर त्याची दुनिया ही एवढीच, खोड ते खोड.

मला रडू आलं, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. आदल्या खेपेला आम्ही एकतीस जण ह्याच प्लॅटफॉर्मवर उभे होतो. तो सरडा, किंवा त्याचा भाऊबंद, तेव्हाही तिथे असणार.

नंतर आम्ही पूल ओलांडले, सावकाश, मधे मधे थांबत. एका फांदीच्या बेचक्यात मोठ्या टोपलीसारखं नेचं बसलेलं होतं. बर्ड्स नेस्ट फर्न. कुंडीत आपण पाहतो तेच, पण इथे ते माणसाला कवेत मावणार नाही एवढं. वरून पडणारी पानं ते आपल्या टोपलीत झेलतं, कुजवतं आणि स्वतःची माती स्वतःच तयार करतं. साबाच्याच दानुम खोऱ्यात झालेल्या आणि 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की भिजलेलं एकेक नेचं 200 किलोपर्यंत भरतं, आणि त्याच्या पोटात इतके मुंग्या, वाळवी, किडे नांदतात की ते हिशेबात धरल्यावर शेंड्यावरच्या अपृष्ठवंशी प्राण्यांच्या एकूण वजनाचा अंदाज दुप्पट करावा लागला. जमिनीपासून दहा मजले वर एक अख्खी बाग, तिची स्वतःची माती, स्वतःची वस्ती. पहिल्या खेपेला मी त्याच्या शेजारून गेले असणार. मला आठवतही नाही.

आणखी एक गोष्ट सांगते, ती तुम्ही तुमच्या प्रवाशांना जरूर सांगा, कारण मराठी माणसाला ती लगेच भिडेल. ह्या बेटावरच्या जंगलांत कापूर नावाचा वृक्ष आहे. मलय भाषेतही त्याचं नाव कापूरच. पूर्वापार भीमसेनी कापूर म्हणून जो ओळखला जातो, तो मुळात ह्याच वृक्षाच्या खोडातून निघायचा आणि बोर्निओ-सुमात्राच्या बंदरांवरून जहाजांनी यायचा. शब्द, वास आणि व्यापार, तिन्ही एका झाडातून. हेच झाड आणखी एका गोष्टीसाठी प्रसिद्ध आहे. शेजारशेजारच्या कापूर वृक्षांचे माथे एकमेकांना टेकत नाहीत. मध्ये निळ्या आभाळाची अरुंद फट राहते, नकाशावरच्या नदीसारखी. वाऱ्यात फांद्या घासून कोंब झडतात म्हणून, की उजेडाच्या इशाऱ्याने झाडं वाढ आवरतात म्हणून, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

मेंगारिस हा तिथला दुसरा राजा. गुळगुळीत, फिकट, चांदीसारखं खोड. जगातल्या सगळ्यांत उंच वृक्षांत त्याची गणना होते, 80 मीटरच्याही वर जातो, आणि कूळ विचाराल तर शेंगांचं, म्हणजे चिंचेच्या आणि गुलमोहराच्या गोतावळ्यातला. आग्या मोहोळाच्या माश्या त्याच्या आडव्या फांद्यांना पोळी लटकवतात, कारण गुळगुळीत खोडावरून अस्वलाला चढणं अवघड. मधासाठी लोकांनी हे झाड पिढ्यान्‌पिढ्या तोडायचं टाळलं. दानुम खोऱ्यातल्या एका पिवळ्या मेरांती वृक्षाने तर उंचीचा कळसच गाठला आहे. 2019 साली माणसाने चढून फीत लावली तेव्हा ते झाड 100.8 मीटर भरलं. त्याचं नाव मेनारा ठेवलंय. आपला मनोरा आणि तो मेनारा एकाच अरबी शब्दातून आले. ही मेरांती आपल्या साल वृक्षाच्या सख्ख्या नात्यातली आहे.

हे सगळं दीड वाजता का दिसत नाही? त्यात गूढ काही नाही. भर दुपारी शेंड्यावर ऊन तापतं, पक्षी गप्प होतात, प्राणी सावलीत जातात. शिवाय त्या भागात दुपारनंतर ढग दाटतात, आणि वादळी पावसात, विजांत त्या उंचीवर थांबणं धोक्याचं, म्हणून पूल बंद करावे लागतात. म्हणजे सगळ्यांत निर्जीव वेळ आणि सगळ्यांत बेभरवशाची वेळ, दोन्ही एकत्र करून तुम्ही ती आम्हाला देता. गरम पाण्याचे झरे मात्र सकाळी, दुपारी, संध्याकाळी तेवढेच गरम असतात. मग क्रम उलटा का नाही? आधी पूल, मग पाणी. उतरल्यावर दुखऱ्या पायांना ते पाणी किती बरं वाटतं, हे मी दुसऱ्या खेपेला अनुभवलं.

तुमची अडचण मला कळते. कोटा किनाबालूहून पोरिंगपर्यंत पोचायलाच अर्धा दिवस जातो आणि प्रवाशांना एका दिवसात तिन्ही ठिकाणं हवी असतात. पण तसं आम्हाला नेमकं कुणी विचारलं? आमच्यापुढे पत्रक येतं, त्यात जे असतं त्यातून आम्ही निवडतो. एक रात्र रानाऊ किंवा पोरिंगला मुक्काम ठेवा. मुख्यालय आदल्या दिवशी होईल. एखादं खरेदीचं ठिकाण गळलं तर चालेल, मी स्वतः अनेकांना विचारलंय, चालेल. रात्रीचा मुक्काम जमणारच नसेल, तर पूल पत्रकातून काढून टाका. मी हे रागाने म्हणत नाही. पाऊण तासात एकतीस माणसांना वर नेऊन आणण्यापेक्षा त्यांना मुख्यालयापाशीच एखाद्या पायवाटेवर दोन तास शांतपणे फिरवलं, तर त्यांना जंगल जास्त मिळेल.

ग्रुपचे भाग पाडा. पुलावर एका वेळी मोजक्याच माणसांना सोडतात, हा तिथला नियमच आहे. त्यामुळे एकतीस जण गेले की पंचवीस जण चढणीवर उभे राहतात आणि त्यांच्या गप्पांचा आवाज थेट वर येतो. आठ-आठचे गट करा. एक वर, एक झऱ्यांवर, एक फुलपाखरांच्या बागेत. रस्त्याकडेला गावकऱ्यांनी राफ्लेशिया उमलल्याची पाटी लावली असेल तर एक गट तिकडे. ते फूल आठवडाभरसुद्धा टिकत नाही, पाटी दिसली की थांबायचंच. आणि प्रत्येक गटाबरोबर स्थानिक वाटाड्या असू द्या. टूर लीडरने कितीही वाचलं तरी शेवाळाच्या डागातून सरडा वेगळा काढणारे डोळे तिथल्याच माणसाकडे आहेत, आणि त्या डोळ्यांचे पैसे त्याला मिळायला हवेत.

ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांच्याबद्दल. पायथ्याशीच सांगा की पूल हलतो, फळी अरुंद आहे, आणि एकदा पुलाच्या मध्यावर गेलं की मागे वळणं कठीण. ज्यांना नको वाटेल त्यांना पहिल्या प्लॅटफॉर्मवरच थांबायची मोकळीक द्या, ती सुद्धा सगळ्यांसमोर, म्हणजे कुणाला कमीपणा वाटणार नाही. सरडा मी पहिल्या प्लॅटफॉर्मवरूनच पाहिला होता. पूल ओलांडणं हा पराक्रम नाही आणि न ओलांडणं ही हार नाही, हे टूर लीडरच्या तोंडून आलं असतं तर मावशीच्या हातांवर ते चौकोन उमटले नसते.

थरार हा शब्द मात्र खरंच काढा. ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य टोकाला वॉलपोल-नॉर्नलप राष्ट्रीय उद्यानात टिंगल नावाचे प्रचंड वृक्ष आहेत. ते वर्षावन नाही, पण गोष्ट लागू पडते. तिथल्या एका पोकळ बुंध्याच्या झाडात लोक मोटार घालून फोटो काढायचे. वर्षानुवर्षं चाकांनी आणि पावलांनी मुळांभोवतीची माती दाबली गेली आणि 1990 साली ते झाड कोसळलं. त्यानंतर 1996 साली तिथे शेंड्यांमधून जाणारी उंच वाट झाली, माणसांच्या पायांपासून मुळं वाचावीत म्हणून. हे लक्षात ठेवून पत्रक लिहा. थरार वाचून आलेला माणूस थरारच शोधतो आणि तो मिळाला नाही तर पूल हलवून निर्माण करतो. 'सकाळची दोन तासांची शांत भेट, दुर्बीण आणावी' असं लिहिलंत तर येणारी माणसंच वेगळी येतील. किंवा तीच येतील, पण वेगळ्या तयारीने.

दुसऱ्या खेपेनंतर मी मावशीकडे गेले. सरड्याचं सगळं सांगितलं, पिवळ्या चिठ्ठीसकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "डोळे मिटले नसते तर मलाही दिसला असता का गं?" मी म्हटलं, नाही, त्या दिवशी कुणालाच दिसला नसता. ती म्हणाली, "मग परत जाऊ. मी पहिल्याच माचीवर बसेन. तू जा पुढे."

पुढच्या हंगामाची पत्रकं यायला लागली की ती मला फोन करून विचारते, ओळ बदलली का. अजून तरी बदललेली मला सापडली नाही. तुमच्यापैकी कुणी बदललीत, तर आमच्या दोन जागा धरून ठेवा. एक खिडकीची.

आपली नम्र,
तुमच्याच एका ग्रुपमधली एक प्रवासी